इंजिन व गिअरबॉक्सचे कोड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, हा मोटारमालकांना सर्वाधिक महागात पडणारा गैरसमज आहे. गाडीतला संगणक सतत ठरावीक चाचण्या घेत असतो. त्यांपैकी कोणती चाचणी नापास झाली, एवढेच कोड नोंदवतो. ती का नापास झाली हे मेकॅनिकने शोधायचे असते.

पी ०१७१ हा नेहमी दिसणारा कोड घ्या. सिलिंडरमधल्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे, असा त्याचा अर्थ. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन आढळतो, म्हणून संगणक इंधन वाढवत जातो. ही वाढ मर्यादेपलीकडे गेली की कोड पडतो. अशा वेळी अनेक ठिकाणी आधी ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो, पण बहुतेकदा त्याने आपले काम चोख केलेले असते. दोष चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात असू शकतो, मळलेल्या एअर फ्लो सेन्सरमध्ये किंवा इंधनाच्या कमी दाबातही.

पी ०४२० दिसताच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलणे तर त्याहून खर्चिक. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. मागच्याचे आकडे पुढच्यासारखेच वरखाली होऊ लागले, की कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचे मानले जाते. मात्र एक्झॉस्टची गळती किंवा खराब झालेला मागचा सेन्सरही तसाच भास निर्माण करतो. कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला असेल, तरी त्यामागे जुना मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे, असू शकतो: न जळलेले इंधन आत जाऊन पेटते आणि अतिउष्णतेने आतली जाळी वितळते. तो मिसफायर दुरुस्त न करता बसवलेला नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ ही कोडची प्रमाणित पद्धत सक्तीची झाली. भारतात ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पहिले अक्षर पी असेल तर कोड इंजिन-गिअरबॉक्सचा. त्यानंतरचे शून्य सर्व कंपन्यांना समान असलेला अर्थ दाखवते, तर १ असल्यास अर्थ कंपनीने ठरवलेला असतो. तिसऱ्या जागी ३ आल्यास विषय इग्निशन व मिसफायरचा, ७ आल्यास ट्रान्समिशनचा. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधला मिसफायर. इथेही सिलिंडर कळतो, कारण कळत नाही. त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल शेजारच्या तिसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहिली आणि कोडही तिच्यासोबत पी ०३०३ कडे सरकला, तर दोष कॉइलचा. नवा भाग विकत न घेता होणारी ही तपासणी प्रत्येक ग्राहकाने आग्रहाने मागावी.

पी ०७०० दिसले म्हणजे गिअरबॉक्स उघडावाच लागणार, ही भीतीही अनाठायी आहे. ‘ट्रान्समिशनच्या संगणकाने बिघाड नोंदवला आहे’, एवढाच तो निरोप असतो. मूळ कोड त्या दुसऱ्या संगणकात असतो आणि साधे स्कॅनर तिथवर पोहोचत नाहीत. कमी झालेले ऑइल, गंजलेला कनेक्टर किंवा एखादा सोलेनॉइड, यांपैकी काहीही कारण निघू शकते.

दिवा स्थिर असो वा लुकलुकता, अर्थ एकच, हा समज मात्र थेट नुकसान करतो. स्थिर दिवा असल्यास गाडी साधारणपणे जपून गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल, तर कन्व्हर्टर जाळणारा मिसफायर त्या क्षणी चालू असतो. तेव्हा लगेच वेग कमी करून गाडी थांबवणेच योग्य.

स्कॅनरने कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली, तर दिवा विझतो, बिघाड जात नाही. उलट कोड पडला त्या क्षणी वेग, इंजिनचे फेरे आणि तापमान किती होते, ही सर्वात उपयोगी नोंदही पुसली जाते. म्हणून आधी कोड आणि ही नोंद लिहून किंवा फोटो काढून ठेवावी. पुसल्यावर संगणकाच्या चाचण्याही नव्याने सुरू होतात. त्या पूर्ण व्हायला थंड इंजिनपासूनची सुरुवात, शहरातली रहदारी, सलग वेग अशा वेगवेगळ्या स्थितींत गाडी चालावी लागते, आणि बऱ्याच कोडसाठी सलग दोन फेऱ्यांत दोष आढळल्याशिवाय दिवा पुन्हा लागत नाही.