मॉरिशस, समुद्राच्या कडेकडेनं

मॉरिशसचं नाव निघालं की मराठी घरात पाठोपाठ हनिमूनचा विषय निघतो. पॅकेजही ठरलेलं असतं. चार-पाच रात्री रिसॉर्ट, एक दिवस बेटाचा उत्तर भाग, एक दिवस दक्षिण भाग, बसमधून चढ-उतर आणि विमानतळ. या घाईत सगळ्यात जास्त नुकसान रस्त्याचं होतं. कारण मॉरिशस कळतं ते समुद्राला चिकटून जाणाऱ्या, उसातून वळणाऱ्या, गावाच्या बाजारात अडखळणाऱ्या रस्त्यांवर. आणि ते रस्ते बघायला जोडीदारापेक्षाही आळीपाळीनं गाडी चालवणारा एखादा जुना मित्र किंवा मैत्रीण बरोबर असेल तर जास्त बरं.

मुख्य बेट उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 45 किलोमीटर. मनात आणलं तर एका दिवसात पूर्ण वळसा होतो. तो चार-पाच दिवसांत घालावा. ब्रिटिशांनी इथं दीडशेहून अधिक वर्षं राज्य केलं, त्यामुळे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि भारतीय चालकाचा हात लगेच बसतो. विमानतळ आग्नेय टोकाला आहे. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं निघालं, तर समुद्र सतत डाव्या हाताला राहतो आणि शेजारी बसलेल्याला खिडकीतून थेट पाणी दिसतं. ही दिशा शक्यतो बदलू नये.

विमानतळाजवळचं माहेबूर बहुतेक पर्यटक ओलांडून पुढे जातात. इथं मात्र अर्धा दिवस थांबलंच पाहिजे. ऑगस्ट 1810 मध्ये इथल्याच खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. पॅरिसच्या विजय कमानीवर कोरलेला नेपोलियनच्या काळातला हा एकमेव आरमारी विजय. दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी उपचारांसाठी एकाच घरात ठेवले होते, त्या घरात आज संग्रहालय आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रज उत्तरेकडून उतरले आणि बेट त्यांच्या ताब्यात गेलं. पण तहात त्यांनी फ्रेंचांचे कायदे, भाषा आणि चालीरीती राहू दिल्या. म्हणूनच इतकी वर्षं इंग्रजांचं राज्य असूनही रस्त्यावर क्रिओल आणि फ्रेंच कानावर पडतं.

माहेबूरच्या किनाऱ्यानं अलीकडेही एक संकट पाहिलं. जुलै 2020 मध्ये 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडलं. तेव्हा हजारो लोक कुणाच्या आदेशाची वाट न बघता किनाऱ्यावर आले. उसाचं पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. ब्लू बेच्या निळ्या पाण्यात काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघताना हे माणसांचं काम आठवायला हवं.

पुढे दक्षिण किनारा. जवळजवळ सगळ्या बेटाला प्रवाळाचं कडं आहे, लाटा तिथंच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. सुयाकजवळच्या ग्री-ग्रीला मात्र हे कडं तुटलेलं आहे. दक्षिण महासागराकडून आलेली लाट थेट काळ्या कातळावर आदळते आणि तुषार कड्यावर उभ्या माणसापर्यंत येतात. इथं पोहायचं नाही, फक्त उभं राहायचं. तिथून पश्चिमेकडे ल मॉर्नपर्यंतचा रस्ता बेटावरचा सर्वांत सुंदर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला इतका जवळ समुद्र की मध्ये जेमतेम रस्त्यापुरतीच जागा उरते. मॅकोंडेच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन जरा वेळ बसावं.

ल मॉर्न हा 556 मीटर उंचीचा एकटा उभा कातळ. मळ्यांतून पळालेले आफ्रिकी आणि मादागास्करचे गुलाम याच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला आलेले शिपाई पकडायलाच आलेत असं वाटून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका इथं सांगतात. 2008 पासून हा डोंगर जागतिक वारसास्थळ आहे. पायथ्याशी चकचकीत हॉटेलं आहेत, पण आधी डोंगराची गोष्ट समजून घ्यावी आणि मग वाळूवर आडवं व्हावं.

मग गाडी डोंगरात वळते. शामारेलला लाल, तपकिरी, जांभळ्या छटांची ओकीबोकी माती बघायला गर्दी होते. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं तेवढी उरली, त्यांचे हे रंग. बघायला वीस मिनिटं पुरतात. खरी मजा आजूबाजूच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलातून जाणाऱ्या घाटाची आहे. पुढे गंगा तलाव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक कावडी घेऊन पायी इथं येतात. त्या दिवसांत गाडीवाल्यानंच रस्ता सोडायचा असतो.

भुकेची चिंता करायला नको. रस्त्याकडेच्या गाड्यांवर 'ढोल पुरी' मिळते. ती पुरी नव्हे, पुरणपोळीतला गूळ काढून हळद-जिरं घातल्यासारखी पातळ, मऊ पोळी. विक्रेता जोडीनं दोन उचलतो, त्यावर घेवड्याची रस्सेदार उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी पसरतो, गुंडाळी करून कागदात देतो. तोंडी लावायला डाळवड्याचा भाऊ शोभावा असा 'गातो पिमां'. समुद्रावर छोट्या, गोड अननसाची साल आडव्या-तिरक्या खाचांत कोरून देठासकट हातात देतात, वर तिखट-मीठ. हॉटेलातल्या बुफेपेक्षा हे जेवण कितीतरी सरस आहे.

या पदार्थांचं मूळ पोर्ट लुईसच्या बंदरात सापडतं. गुलामगिरी संपत आली तशी मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. 1834 पासून पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत जवळपास पाच लाख माणसं कराराच्या कागदावर अंगठा उठवून इथल्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्यांवर उतरली. बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली, बरीच दक्षिणेतली, आणि काही कोकणातली. त्यांनी उसाच्या शेतांतून वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग आजही रस्त्यावरून दिसतात. बंदराजवळचा हा आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारसायादीत आला. ज्याला मॉरिशस समजून घ्यायचं आहे त्यानं इतर काही सोडलं तरी चालेल, हा घाट सोडू नये.

उत्तरेकडे लाल छपराचं चर्च असलेलं काप माल्योरे, ग्रां बेचा बाजार, आणि थोडं आत पांप्लमूसची बाग. फ्रेंच अधिकारी पिएर प्वाव्हर यानं अठराव्या शतकात मसाल्याची रोपं आणून वाढवलेली. परातीएवढ्या पानांची महाकाय कमळं बघायला सकाळी जावं. पूर्व किनाऱ्यावर वारा जास्त आणि गर्दी कमी. परतीच्या वाटेवर तो आपसूक येतो.

हवामानाचं एवढं लक्षात ठेवावं: ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर कोरडा आणि सुखद, जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. मधल्या पठारावर क्युरपिपला पाऊस पडत असतो तेव्हा पश्चिम किनारा बऱ्याचदा उन्हात असतो, म्हणून ढग दिसले की कार्यक्रम रद्द करायचा नाही, दिशा बदलायची. हिवाळ्यात सहाच्या आत अंधार पडतो आणि उसातल्या अरुंद रस्त्यांना पदपथ नसतो. सायंकाळचा मुक्काम आधीच ठरवून ठेवावा.

मराठी वाचकांनी एक जागा मात्र स्वतःहून नकाशावर खूण करून ठेवावी: पश्चिमेचं कास्काव्हेल. पाच-सहा पिढ्यांपूर्वी रत्नागिरी-सावंतवाडीकडून आलेल्यांचे वंशज इथं राहतात. गावात विठ्ठल-रखुमाईचं मंदिर आहे आणि कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावानं अजून नाचली जाते. बेटावर गणेशोत्सवाची राष्ट्रीय सुट्टी असते, तीही चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनासाठी. भाद्रपदात जाणार असाल तर त्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच मुक्काम ठेवा, गाडी हॉटेलवर सोडा आणि मिरवणुकीबरोबर समुद्रापर्यंत चालत जा.