गुन्ह्याचे कलम आणि गुन्हेगाराचा पिंड

एखाद्या बंद्याला मुदतीपूर्वी सशर्त मुक्त करावे की नाही, हे ठरविणाऱ्यांपुढे दोन धोके असतात. सुधारलेला मनुष्य विनाकारण आत खितपत पडेल, हा एक. आणि न सुधारलेला बाहेर येऊन आणखी कोणा निरपराध्याचा घात करील, हा दुसरा. केवळ गुन्ह्याचे कलम पाहून हा निर्णय करणे पुरेसे नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या व्यक्तींचे सविस्तर वर्णन केले. ही माणसे वेडी नसतात. बोलण्यात चतुर व वरकरणी लाघवी, परंतु कणव आणि पश्चात्ताप यांचा त्यांच्या ठायी अभाव असतो. अशा व्यक्तिमत्त्वास सायकोपॅथी म्हणतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी १९८० मध्ये तिच्या मोजमापाची पद्धत मांडली व १९९१ मध्ये ती सुधारून प्रसिद्ध केली. तीत २० लक्षणांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण दिले जातात. ४० पैकी ३० वा अधिक गुण मिळाल्यास उत्तर अमेरिकेत सर्वसाधारणपणे सायकोपॅथी आहे असे मानतात. मुलाखतीबरोबर जुने अभिलेखही तपासावे लागतात. कारण असा मनुष्य मुलाखतीत बेमालूम खोटे बोलू शकतो.

सर्व प्रकारच्या गुन्हेगारांत हे गुण सारखे आढळत नाहीत. लैंगिक गुन्ह्यांचेच उदाहरण घ्या. कॅनडाच्या कारागृहांतील पाहणीत केवळ बालकांवर अत्याचार करणाऱ्यांत सायकोपॅथीचे प्रमाण कमी, तर बालके व प्रौढ स्त्रिया या दोघांनाही लक्ष्य करणाऱ्यांत ते सर्वाधिक दिसले. लैंगिक विकृती व सायकोपॅथी एकत्र आल्यास पुनरपराधाचा संभव विशेष वाढतो.

पण खरी चिंतेची बाब निराळीच आहे. कॅनडातील ३१० पुरुष बंद्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात सायकोपॅथीचे गुण अधिक, त्यांना सशर्त मुक्तता मिळण्याचा संभव इतरांच्या सुमारे अडीच पट होता! बाहेर आल्यावर मात्र त्यांची वर्तणूक इतरांहून वाईट ठरली. अनुभवी मंडळांवरही गोड वाणीची छाप पडते, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

तथापि गुणांकावरून मनुष्याचे भवितव्य ठरवून टाकणे अन्यायाचे होईल. या लक्षणांचे स्थूलमानाने दोन गट पडतात : भावनाशून्यता व लबाडी हा एक, आणि उतावळे, बेजबाबदार, लहानपणापासूनचे समाजविरोधी जीवन हा दुसरा. पुनरपराधाचा अंदाज बांधताना दुसरा गट अधिक उपयोगी पडतो.

उपचारांचा अनुभव संमिश्र आहे. आँटॅरिओ प्रांतातील पेनेटँग्विशीन येथे १९६० च्या दशकापासून बंद्यांना सक्तीने सामूहिक उपचारांत सहभागी करण्यात आले. पुढील पाठपुराव्यात सायकोपॅथी असलेल्या उपचारितांनी उपचार न मिळालेल्यांपेक्षा अधिक हिंसक गुन्हे केल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ही पद्धतच कठोर व वादग्रस्त होती, हे विसरून चालणार नाही. उलट, विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा येथे १९९५ मध्ये हिंसक किशोरांसाठी सुरू झालेल्या केंद्रात कर्मचाऱ्यांनी मुलांशी सातत्याने संबंध जोडण्यावर भर दिला. तेथून सुटलेल्या मुलांनी पुढील दोन वर्षांत नेहमीच्या सुधारगृहांतील मुलांपेक्षा कमी हिंसक गुन्हे केले.