उपग्रहांमधील अंतराची मोजणी

चीनच्या ‘बैदू’ या मार्गदर्शक उपग्रहमालेची जागतिक सेवा २०२० सालीं सुरू झाली. पृथ्वीच्या पलीकडील बाजूस गेलेले उपग्रह चीनमधील केंद्रांना दिसत नाहींत. म्हणून ते एकमेकांस रेडिओ-संदेश धाडून आपसांतील अंतर मोजतात. या अंतरांत चूक राहिली, तर तिचा फटका समुद्रावरील नावाड्यास बसावयाचा.

संदेश निघाल्याची वेळ एका घड्याळाची, पोंचल्याची दुसऱ्याची. त्यांत सेकंदाच्या एक अब्जांशाचा फरक असला, तरी अंतर तीस सेंटिमीटरांनीं चुकतें. यावरील युक्ति नामी आहे. संदेश दोन्ही बाजूंनीं धाडावयाचे. घड्याळांतील फरक एका मोजणींत जितका वाढतो, तितकाच दुसरींत घटतो. बेरीज निम्मी केली कीं तो नाहींसा होतो, आणि वजाबाकी निम्मी केली कीं तोच हातीं लागतो. मात्र उपग्रह सेकंदास तीन-चार किलोमीटर धांवत असल्यामुळें, दोन्ही मोजण्या आधीं हिशेबानें एकाच क्षणावर आणाव्या लागतात.

खरा चकवा यंत्रांतील विलंबाचा. तो दोन्हीं मोजण्यांत मिसळून अंतराचेंच सोंग घेतो! उड्डाणापूर्वीं तो मोजतात खरा. पण तपमानाबरोबर तो बदलतो. म्हणून अनेक मोजण्या एकत्र मांडून, कक्षांबरोबर तोहि अज्ञात राशि धरून समीकरणांनीं काढितात.