तेरा मिलिमीटरचा घोळ

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर रूममेटने विचारलं, "ऱ्हस्व-दीर्घ तरी कळतं का?" नाही कळत. पण चाकाचा ऑफसेट मी आता झोपेतही समजावून सांगू शकते, कारण त्याने मला मे महिन्याच्या सुट्टीत चांगलंच रडवलं आहे.

पुण्यात माझ्या मामाकडे १९७२ ची एमजीबी आहे. दोन सीटची, उघड्या टपाची. ही गाडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत बनत होती. आज रस्त्यावर दिसणाऱ्या हेक्टरशी तिचं नातं फक्त नावाचं. मामाच्या गाडीला रोस्टाइल चाकं आहेत, म्हणजे दाबलेल्या पत्र्याची, १४ इंची, ५ इंच रुंद. मामाला हवे होते अलॉय. "तू मेकॅनिकलची ना? मग मापं तू घे," म्हणाला. मेट्रॉलॉजीत मला बरे मार्क होते, त्यामुळे मीही ऐटीत हो म्हटलं.

चाक बसेल का हे बघताना सगळे आधी नटांच्या वर्तुळाचा व्यास बघतात, म्हणजे पीसीडी. चार नटांच्या चाकात हे सोपं असतं. एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं, म्हणजे मध्य शोधत बसावं लागत नाही. एमजीबीला हे माप साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. पाच नट असतील तर बरोबर समोर स्टड येत नाही, तेव्हा शेजारच्या दोघांच्या मध्यांतलं अंतर मोजून ०.५८८ ने भागायचं. हा आकडा साइन ३६ आहे. कुठून आला ते तुम्हीच काढा, व्हायव्हाला उपयोगी पडेल.

खरी गंमत ऑफसेटमध्ये आहे. चाकाची जी सपाट बाजू हबला टेकते ती चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. ती मध्यापासून बाहेरच्या, लोकांना दिसणाऱ्या अंगाला असेल तर धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण. अलॉयवर 'ईटी' असं लिहून पुढे जो आकडा असतो तो हाच, मिलिमीटरमध्ये. ईटी म्हणजे आयनप्रेसटीफे, शब्द जर्मन आहे. ऑफसेट वाढला की चाक गाडीच्या पोटात शिरतं, कमी झाला की मडगार्डबाहेर डोकावतं. आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. पुढच्या चाकाचा ऑफसेट बदलला की स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून टायरच्या मध्याचं अंतर बदलतं. त्याने स्टिअरिंगचा जडपणा बदलतो, आणि बेअरिंगवरचा भारसुद्धा.

जुन्या चाकावर असं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मोजणं आलं. आधी टायर उतरवून घेतला, कारण टायरचं पोट रिमच्या बाहेर येतं आणि पट्टी त्यावर टेकली की माप चुकतं. चाक गोणपाटावर पालथं ठेवलं, वर आलेल्या मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकली आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाटीपर्यंतची खोली मोजली. हिला बॅकस्पेस म्हणतात. चार ठिकाणी मोजली, चारही वेळा ९८ मिलिमीटर. बॅकस्पेसमधून चाकाची निम्मी रुंदी वजा केली की ऑफसेट मिळतो. ५ इंच म्हणजे १२७, त्याचे निम्मे ६३.५. ९८ मधून गेले, उरले ३४.५. मी मामाला सांगितलं, "३५ चे घे."

चूक कुठे झाली ते कळलं का? मला तेव्हा नाही कळलं.

अलॉय आले. साडेपाच इंच रुंद, ईटी ३५, त्यावर १८५/७० चे टायर. आधीचे टायर १६५ चे होते. बाहेरून गाडी इतकी मस्त दिसत होती की मामीनेसुद्धा फोटो काढला. मग मी आणि मामा चक्कर मारायला निघालो. पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरवर मागून खर्रकन आवाज आणि जळक्या रबराचा वास. मागच्या उजव्या टायरला आतल्या अंगाने चकचकीत पट्टा पडला होता.

मामा भडकला, पण माझ्यावर नाही. "त्या विकणाऱ्याने चुकीचा नंबर टाकून गळ्यात मारलीत," म्हणाला आणि फोन हातात घेतला. मी म्हटलं, थांब, अलॉय मोजून बघू. अलॉय बरोबर ३५ चे निघाले. मग मी जुनं चाक परत पालथं घातलं आणि या वेळी रुंदीही मोजली, कडेच्या बाहेरून कडेच्या बाहेरपर्यंत. १५२ मिलिमीटर! चाकाची '५ इंच' ही रुंदी टायर जिथे बसतो त्या आतल्या जागेची असते, दोन्ही बाजूंच्या कडा त्यात धरत नाहीत. माझी बॅकस्पेस मात्र कडेच्या टोकापासून मोजलेली होती. म्हणजे ९८ मधून ७६ जायला हवे होते. खरा ऑफसेट २२. मामाचा फोन अजून हातातच होता. "मामा, त्याची चूक नाही, माझी आहे" हे वाक्य म्हणायला मला जरा वेळ लागला. तो काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

हिशोब बघा. हबच्या सपाटीपासून टायरची आतली बाजू आधी ८२.५ अधिक २२, म्हणजे १०४.५ वर होती. आता ९२.५ अधिक ३५, म्हणजे १२७.५. पूर्ण २३ मिलिमीटर आत. बाहेरची बाजू मात्र ६०.५ वरून ५७.५ वर, जेमतेम ३ चा फरक. म्हणून बाहेरून सगळं छान दिसत होतं.

"मग मध्ये १३ मिलिमीटरचा स्पेसर टाक ना," मामा म्हणाला. ते करता येत नाही. एमजीबीचे स्टड अर्ध्या इंचाचे, इंचाला २० आटे. नट किमान स्टडच्या जाडीइतका चढायला हवा, म्हणजे १० फेरे. अलॉयवर आमचा नट १२ फेरे चढत होता. १३ मिलिमीटरचा स्पेसर त्यातले १० खाणार. दोन फेऱ्यांवर चाक अडकवून खंडाळ्याचा घाट उतरायचा? त्यासाठी लांब स्टड घालावे लागतात. मामा त्याला तयार नव्हता.

जी गोष्ट आधी करायला हवी होती ती मी शेवटी केली. मामीकडून कणकेचा गोळा घेतला, मडगार्डच्या आतल्या भिंतीवर थापला, जुनं चाक चढवलं, दोघांना डिकीत उभं केलं. मग चाक काढून दबलेली कणिक सुरीने कापली आणि तिची जाडी मोजली. डावीकडे २६ मिलिमीटर, उजवीकडे १९. या जुन्या गाड्यांचा मागचा ॲक्सल बरोबर मध्यावर असतोच असं नाही. २३ आत सरकलेलं चाक उजवीकडेच का घासलं, ते तिथे कळलं.

आता गाडीला रोस्टाइलच आहेत. अलॉय चारही मामाच्या माळ्यावर पडून आहेत. १४ इंची, ४ बाय ११४.३, ईटी ३५. आकडा मी स्वतः मोजलाय, दोनदा. कुणाच्या गाडीला बसत असतील तर लेडीज हॉस्टेलला निरोप ठेवा.