टाकून द्यायचा कोड

जीमेलची पहिली आवृत्ती एका दिवसात तयार झाली होती. २००१ साली गुगलमधल्या पॉल बुखाइट यांनी गुगल ग्रुप्सचा शोध-कोड उचलला आणि त्याला स्वतःचे ईमेल जोडले. शोधलं की फक्त बुखाइट यांचेच मेल सापडायचे. सहकारी म्हणाले, छान आहे, पण आमचे मेल शोधता आले तर जास्त उपयोग होईल! लोकांच्या हाती जीमेल पडलं ते १ एप्रिल २००४ रोजी. मधल्या काळात बराच कोड पुन्हापुन्हा लिहावा लागला.

याच बुखाइट यांना मेलमधला मजकूर बघून त्याला साजेशी जाहिरात दाखवायची होती. सहकारी मरिसा मायर यांना ते पटत नव्हतं. वाद घालत बसण्याऐवजी बुखाइट यांनी अश्लील मजकूर ओळखणारा आपलाच जुना फिल्टर वापरून रातोरात नमुना उभा केला. जाहिराती खरोखरच जुळत होत्या. पुढे गुगलची ॲडसेन्स ही जाहिरातसेवा आली त्यामागे हाच प्रयोग होता.

आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत अशा झटपट नमुन्याला पीओसी (प्रूफ ऑफ कन्सेप्ट) म्हणतात. अजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत, विशेषतः केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमध्ये, त्याचंच जवळचं भावंड म्हणजे ‘स्पाइक’. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे टीमला सांगताच येत नसेल, तर अंदाजाचे आकडे ठोकू नयेत. दोन दिवस घ्यावेत आणि नेमकी अडचणीची जागा तपासावी.

ही जागा निवडण्यातच बहुतेकांची गल्लत होते. समजा, विमा कंपनीचं मोबाइल ॲप करायचं आहे आणि पॉलिसींची माहिती वीस वर्षं जुन्या सर्व्हरवर आहे. हजार ग्राहकांनी एकदम विचारणा केली तर तो सर्व्हर तीन सेकंदांत उत्तर देईल का, हा खरा प्रश्न. पीओसीत मात्र बनतं काय? लॉगिनचा देखणा स्क्रीन, रंगीत आलेख आणि हाताने भरलेली खोटी माहिती. त्यातली एकही गोष्ट होईल की नाही, अशी शंका कुणालाच नव्हती. प्रश्न, मुदत आणि ‘नाही’ कशाला म्हणायचं, हे तिन्ही कोड लिहिण्याआधी कागदावर नसेल, तर त्या कामाला मी तरी पीओसी म्हणणार नाही. सर्व्हरला झेपत नाही असं दुसऱ्याच दिवशी कळलं, तर ती पीओसी यशस्वीच झाली.

धोका वेगळाच असतो. डेमो रंगतो आणि साहेब म्हणतात, ‘झालंच की! सोमवारी लाइव्ह करू.’ एरर हाताळणी नाही, सुरक्षा नाही, टेस्ट नाहीत, पण तोच कोड प्रॉडक्शनवर चढतो आणि पुढची काही वर्षं टीम त्याची डागडुजी करत बसते. अँड्रू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’मध्ये दोन जाती वेगळ्या केल्या आहेत: शिकून झाल्यावर फेकायचा प्रोटोटाइप, आणि सडपातळ असला तरी पक्का, पुढे वाढवत न्यायचा ‘ट्रेसर बुलेट’ कोड. आपण यातलं काय लिहितोय, हे साहेबांना डेमोआधीच सांगितलेलं बरं.

फ्रेड ब्रुक्स यांनी तर १९७५ मध्येच आपल्या पुस्तकात पहिली प्रणाली फेकण्याची तयारी ठेवा, असं बजावलं होतं. त्याच पुस्तकाच्या १९९५च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो सल्ला मागे घेतला. सगळी प्रणाली एकदा बांधायची आणि मग पुन्हा बांधायची, हे त्यात गृहीत धरलं होतं. स्पाइकमध्ये मात्र फेकलं जातं ते फार तर दोन दिवसांचं काम.