आरामाने वाढणारी पाठदुखी

तिशीतल्या मुलाची पाठ दुखू लागली, की घरचे म्हणतात, "दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतोस, जरा पडून राहा." पण पडून राहिल्याने वाढणारी एक पाठदुखी असते: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. ती मला आहे. सकाळी पाठ लाकडासारखी आखडलेली असते आणि हिंडू-फिरू लागलो की मोकळी होते. हा संधिवात बहुधा पंचेचाळिशीच्या आतच सुरू होतो. दुर्लक्ष केल्यास मणके एकमेकांना जुळूनही येऊ शकतात.

"स्टेरॉइड घे, बरं वाटेल," असा सल्ला हमखास मिळतो. मात्र मणक्याच्या या सुजेवर स्टेरॉइडच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही त्या देऊ नयेत असेच सांगतात.

मग उरते काय? रोजचा व्यायाम, डॉक्टरांनी दिलेल्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने. ती महागच, पण २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने त्यांतल्या ॲडालिमुमॅबचा स्वस्त पर्याय भारतात आणला. ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी मात्र करावीच लागते.

माझ्यापुरते सांगायचे, तर आधी मेघदूत उपवनात फेऱ्या, मगच पोहे-जलेबी. ऑफिसात दर तासाला उठतो. लोकांना वाटते, चहाची तलफ आली!

तुमच्या घरातल्या तरुणाची पाठ तीन महिन्यांहून अधिक काळ अशी आखडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. संधिवाततज्ज्ञांकडे घेऊन जा.