अमेरिकेंतील बंदुकांचे बाजार आणि कायदा

शनिवारची सकाळ. अमेरिकेंतील एखाद्या मध्यम शहराच्या कडेला, एरवीं प्रदर्शनांसाठीं वापरल्या जाणाऱ्या मोठ्या इमारतींत लोक तिकीट काढून शिरत आहेत. आंत टेबलांच्या रांगा लागल्या आहेत. कोठें महायुद्धांतल्या जुन्या रायफली, कोठें शिकारीच्या बंदुका, कोठें पिस्तुलें. मधूनच सुऱ्या, लष्करी पदकें व जुनीं पुस्तकें विकणारेहि बसले आहेत. ह्याला तिकडे 'गन शो' म्हणतात. आपण बंदुकांचा बाजार म्हणूं.

येथें दोन टेबलें शेजारीं शेजारीं आहेत आणि दोहोंवर एकाच बनावटीचें पिस्तूल आहे, असें धरा. पहिल्या टेबलामागें परवानेदार दुकानदार आहे. तो गिऱ्हाइकाचें ओळखपत्र पाहतो, छापील नमुना भरून घेतो, आणि ह्या मनुष्यास पूर्वीं गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरविलें आहे काय, तो फरारी आहे काय, अशी चौकशी सरकारी यंत्रणेकडे करतो. दुसऱ्या टेबलामागें एक वृद्ध गृहस्थ आपल्या संग्रहांतील चार नग विकीत आहेत. संघसरकारच्या कायद्यानें त्यांना ह्यांतील कांहींच करावें लागत नाहीं.

ह्याला लोक 'गन शोची पळवाट' म्हणतात. मला तें नांव दिशाभूल करणारें वाटतें. त्याच गृहस्थांनीं तेंच पिस्तूल आपल्या घराच्या ओसरीवर विकलें असतें, तरी कायदा तोच लागला असता. कायदा जागा पाहत नाहीं. विकणारा कोण, हें पाहतो. बाजारामुळें घडतें तें इतकेंच, कीं एकमेकांना न ओळखणारे विक्रेते आणि गिऱ्हाइकें एका छपराखालीं येतात.

हा भेद १९६८ च्या कायद्यांतून आला. अध्यक्ष केनेडी ह्यांचा १९६३ सालीं झालेला खून टपालानें मागविलेल्या रायफलीनें झाला होता. १९६८ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी मारले गेले. त्यानंतर बंदुकांचा 'धंदा' करणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला. मात्र धंदा कशाला म्हणावें, हें १९८६ पर्यंत कायद्यांत सांगितलेलें नव्हतें. त्या सालीं व्याख्या आली : उपजीविका व नफा ह्यांसाठीं वारंवार खरेदी-विक्री करणें. स्वतःच्या संग्रहांतून अधूनमधून विकणारा तीतून वगळला गेला. वर्षाला किती बंदुका विकल्या म्हणजे धंदा होतो, तो आंकडा कायद्यानें दिलाच नाहीं. १९९३ चा ब्रॅडी कायदा आला, १९९८ पासून तत्काळ चौकशीची यंत्रणा सुरू झाली, दोन्ही परवानेदारांपुरतीं.

खासगी विक्रेता अगदींच मोकळा आहे असें नव्हे. गिऱ्हाईक अपात्र आहे हें ठाऊक असतां, किंवा तसें मानण्यास सबळ कारण असतां विकणें हा गुन्हा आहे. पण विचारण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, आणि ज्यानें विचारलें नाहीं त्याला ठाऊक तरी कसें होणार! उलट एखाद्या सज्जनानें चौकशी करावयाची म्हटली, तरी ती यंत्रणा त्याला स्वतः वापरतां येत नाहीं. परवानेदाराकडे जावें लागतें.

१९९८ च्या डिसेंबरांत कोलोरॅडो राज्यांतील अशाच एका बाजारांत सतरा वर्षांचे दोन विद्यार्थी गेले. वय आड येत होतें, म्हणून बरोबर अठरा वर्षांची एक मैत्रीण होती. तिनें खासगी विक्रेत्यांकडून तीन बंदुका घेतल्या. २० एप्रिल १९९९ रोजीं त्या मुलांनीं कोलंबाइन येथील शाळेंत बारा विद्यार्थी व एक शिक्षक ठार केले, तेव्हां त्या तिन्ही त्यांच्याजवळ होत्या. मुलीच्या नांवावर गुन्हा नव्हता. चौकशींत ती निर्वेध पार पडली असती. परंतु पुढें तिनें सांगितलें, कीं चौकशीला सामोरें जावें लागतें तर आपण खरेदी केलीच नसती.

त्यानंतर सीनेटमध्यें सुधारणा ५१ विरुद्ध ५० मतांनीं, उपाध्यक्ष गोर ह्यांच्या निर्णायक मतानें संमत झाली आणि पुढें प्रतिनिधिगृहांत अडली. २०१३ सालीं तशाच प्रस्तावाला ५४ मतें मिळालीं. लागत होतीं ६०.

विरोधकांचें म्हणणें केवळ हट्टाचें नाहीं. बापानें मुलाला बंदूक दिली तर ती विक्री कीं देणगी? देशांतील बंदुकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास १९८६ च्या कायद्यानेंच मनाई केली आहे. मग अमुक पिस्तूल चौकशीवांचून हातोहात गेलें, हें सिद्ध कसें करावयाचें? आणि नोंदवही ठेवावी, तर तीच पुढें जप्तीची यादी होईल, ही भीति. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं शस्त्र बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य करतांना, शस्त्रांच्या व्यापारी विक्रीवरील अटींना आपण धक्का लावीत नाहीं, असें म्हटलें. वृद्ध गृहस्थांची विक्री 'व्यापारी' कीं नाहीं, ह्यावर वकील अजून भांडतात.

२०२२ सालीं व्याख्येंतून 'उपजीविका' शब्द गेला. मुख्यतः नफ्याचा हेतु पुरेसा ठरला. २०२४ मध्यें संबंधित खात्यानें त्याचे विस्तृत नियम केले, आणि कांहीं राज्यें लगेच न्यायालयांत गेलीं.

राज्यांनीं मात्र वाट पाहिली नाहीं. कॅलिफोर्नियांत १९९१ पासून खासगी विक्री परवानेदारामार्फतच होते. कोलोरॅडोच्या मतदारांनीं २००० सालीं बाजारांतील प्रत्येक विक्रीला चौकशी लावली. तेथें दोन्ही टेबलांना आतां एकच नियम आहे. उत्तरेला वायोमिंगची सीमा ओलांडली, कीं दुसरें टेबल पुन्हां मोकळें होतें. परराज्यांतील गिऱ्हाइकाला विकणें खासगी विक्रेत्यास तेथेंहि मना आहे. पण पाहुणा कोठून आला, हें विचारण्याचें बंधन त्या गृहस्थांवर नाहीं.